योजना, पॅकेज आणि कॅशलेस: पैसे देण्याची पद्धत बदलली की डॉक्टरांचं आणि उपचारांचं काय होतं? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या कुठल्याही मध्यम रुग्णालयाच्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहा, तीन शब्द हमखास कानावर पडतील: पॅकेज (एका उपचाराची ठरलेली ठोक रक्कम), प्री-ऑथ (उपचाराआधी पैसे देणाऱ्याकडून घ्यायची मंजुरी), क्वेरी (त्या मंजुरीत काढलेली शंका). दीड दशकापूर्वी तिथं एकच शब्द चालायचा, डिपॉझिट. या बदलानं डॉक्टरांच्या निर्णयावर आणि तुमच्या माणसाच्या उपचारावर काय परिणाम होतो, याबद्दल पेशंटचे नातेवाईक आणि नवे डॉक्टर जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

नेमकं बदललं काय?

पूर्वी रुग्णालय दर ठरवायचं आणि पेशंट बिल भरायचा. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ ला ती कोल्हापूरसह उरलेल्या जिल्ह्यांत आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि यादीत ९७१ उपचार. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं संरक्षण ५ लाखांवर नेलं, उपचार १,३५६ केले, त्यातले ११९ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवले आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आत घेतलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून झाला.

आकड्यांपेक्षा मोठा बदल असा की दर आता रुग्णालय ठरवत नाही, पैसे देणारा ठरवतो. आणि तो पैसे देतो एका उपचाराचे, दिवसांचे किंवा सलाइनच्या बाटल्यांचे नव्हेत.

पैसे कसे मिळतात यावर डॉक्टरांचा निर्णय खरंच बदलतो का?

छातीत गोळी लागलेल्या माणसाच्या बाबतीत नाही बदलत. पण रोजच्या कामात ‘हे करावं की थांबावं’ अशा काठावरच्या जागा खूप असतात: अजून एक दिवस ठेवावं का, सीटी स्कॅन आज करावा की चार दिवसांनी, आपणच बघावं की पुढं पाठवावं. अशा ठिकाणी दोन्ही उत्तरं वैद्यकीयदृष्ट्या चालण्याजोगी असतात, आणि तिथं पैशाची ओढ आपलं काम करते. डॉक्टर लबाड असावा लागत नाही.

प्रत्येक सेवेचे वेगळे पैसे मिळाले, तर ओढ जास्त करण्याकडे: जादा तपासण्या, जादा व्हिजिट, एक दिवस वाढीव मुक्काम. एका आजाराचं ठोक पॅकेज असेल, तर ओढ कमी खर्चात उरकण्याकडे आणि सोपे पेशंट निवडण्याकडे. डोक्यामागं वर्षाचे ठरावीक पैसे असतील, तर पेशंट पुढं रेफर करण्याकडे. आणि नुसता पगार असेल, तर रांग लांबण्याकडे.

निर्दोष पद्धत कुठंच सापडलेली नाही. म्हणून तुम्ही विचारायचा प्रश्नही पद्धतीनुसार बदलतो. बिल सुट्या बाबींचं असेल, तर विचारा: ‘ही तपासणी केली नाही तर उपचारात काय फरक पडेल?’ पॅकेज असेल, तर उलटं विचारा: ‘घरी सोडताय, पण कुठलं लक्षण दिसलं तर लगेच परत आणायचं?’

पॅकेजमध्ये काय काय धरलेलं असतं?

खाट, जेवण, नर्सिंग, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, लागणाऱ्या तपासण्या, औषधं, इम्प्लांट. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं. घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा त्यातच असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

म्हणजे ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी योजनेतल्या पेशंटच्या हातात पडणं नियमात बसत नाही. पडलीच, तर ती चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल टाकून देऊ नका. तक्रारीत पुरावा तोच.

‘पॅकेज परवडत नाही’ असं डॉक्टर म्हणतात. खरं की रडगाणं?

दोन्ही ऐकायला मिळतं, म्हणून हिशेबच मांडू. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण प्रमाण वीस खाटांच्या रुग्णालयाला ओळखीचं वाटेल.

समजा एका शस्त्रक्रियेचं पॅकेज ३०,००० रुपये. सर्जन ७,०००, भूलतज्ज्ञ ४,०००, थिएटर आणि धागा-ग्लोव्हज-ड्रेपसारखं साहित्य ६,०००, तीन दिवसांची खाट आणि नर्सिंग ६,०००, तपासण्या २,५००, औषधं ३,०००. बेरीज २८,५००. उरले १,५००.

आता पेशंट एक दिवस जास्त राहिला की २,००० गेले, म्हणजे ५०० तोटा. जखमेत पू झाला आणि पाच दिवस वाढले, वर महागडं अँटिबायोटिक लागलं, तर आधीच्या सात-आठ ऑपरेशनमधली शिल्लक एका पेशंटमध्ये जाते. सर्जन मालक असेल तर त्याची फी हीच उशी असते. सर्जन बाहेरून बोलवावा लागत असेल, तर उशीही नाही.

यातून तीन गोष्टी घडतात. मधुमेह, स्थूलपणा, वय ऐंशी अशा पेशंटला ‘मोठ्या सेंटरला न्या’ सांगितलं जातं, कारण त्याच्यासाठी जादा पैसे नाहीत आणि धोका मात्र जादा आहे. डिस्चार्ज तिसऱ्या दिवशी ठरल्यासारखा होतो. आणि साहित्याची खरेदी सगळ्यात स्वस्त कोटेशनवर जाते. दुसरीकडं, जंतुसंसर्ग खरोखर कमी ठेवणारं रुग्णालय याच पॅकेजमध्ये पैसे मिळवतं. हात धुण्याला पहिल्यांदाच ताळेबंदात किंमत आली, हा पॅकेजचा गुणच म्हणायचा.

दर वास्तवापासून फार खाली गेला, तर मात्र गुणवत्तेची चर्चाच संपते. आयुष्मान भारतच्या राष्ट्रीय यादीत सुरुवातीला व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूचे दिवसाला ३,६०० रुपये होते. २०२१ च्या सुधारणेत ते ८,५०० झाले. आधीच्या दरात गंभीर मेडिसिनचा पेशंट घ्यायला खासगी रुग्णालयं का कचरत होती, ते या दोन आकड्यांतच आहे.

ऑपरेशनवाल्याला लवकर सोडतात आणि न्यूमोनियावाल्याला लवकर सोडत नाहीत, असं का?

कारण एकाच वॉर्डात दोन पद्धती चालतात. ऑपरेशनचं पॅकेज एकरकमी असतं, मुक्काम वाढला की खर्च रुग्णालयाचा. ऑपरेशन नसलेल्या बऱ्याच आजारांत दर दिवसावर असतो: साधा वॉर्ड, एचडीयू (वॉर्ड आणि आयसीयूच्या मधली पायरी), आयसीयू असे वेगवेगळे. तिथं प्रत्येक दिवसाची कमाई होते, पण मुदतवाढीची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीसाठी रोजचे तक्ते अपलोड करावे लागतात. ताप उतरलेला आहे, ऑक्सिजन ९७ आहे, तोंडानं खातोय आणि तरी सलाइन चालू आहे, असं दिसलं की डॉक्टरांना विचारायला हरकत नाही: ‘गोळीवर कधी आणणार?’

रुग्णालयाचे पैसे अडकले, तर त्यात पेशंटचं काय जातं?

बरंच जातं. दावा सादर झाल्यावर साधारण १५ दिवसांत पैसे मिळावेत अशी अपेक्षा योजनेत आहे. ते चार महिन्यांनी आले असं धरा. औषध पुरवठादार आणि बँकेची उधारी महिन्याला दीड टक्क्यानं पडली, तर ३०,००० वर चार महिन्यांचे १,८०० रुपये. वरच्या हिशेबात शिल्लक १,५०० होती. दर कागदावर तोच राहिला, तरी उशीर म्हणजे दरकपातच.

मोठं ट्रस्टचं रुग्णालय हा धक्का रोकड पेशंटवर पसरवू शकतं. गडहिंग्लज किंवा इचलकरंजीतलं पंधरा खाटांचं नर्सिंग होम नाही पसरवू शकत. ते आधी योजनेचे पेशंट कमी करतं, मग यादीतून बाहेर पडतं. त्यानंतर चंदगडच्या पेशंटला जवळचं दार उरत नाही आणि तो थेट सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या, रांगेत येतो. सीपीआरची रांग वाढण्यामागं शहराबाहेरचे असे थकलेले दावेही असतात.

‘योजनेचा बेड शिल्लक नाही’ असं सांगितलं. काय करायचं?

रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडं जा. तो योजनेचा माणूस असतो, रुग्णालयाच्या बिलिंगचा नसतो. योजनेसाठीच्या किती खाटा आज भरलेल्या आहेत, हे त्याला विचारा. तो जागेवर नसेल किंवा टाळत असेल, तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० लावा. आयुष्मान कार्डासाठी १४५५५. फोनवर रुग्णालयाचं नाव, वेळ आणि कोणी काय सांगितलं ते सांगा, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

खरंच खाट नसेल, तर जवळच्या दुसऱ्या अंगीकृत (योजनेतल्या) रुग्णालयाचं नाव देणं हेही आरोग्यमित्राचंच काम. आणि एक लक्षात ठेवा: रुग्णालय योजनेत आहे म्हणजे त्याचे सगळे विभाग योजनेत असतात असं नाही. हाडांचा विभाग आत आणि हृदयाचा बाहेर, असं असू शकतं.

प्री-ऑथ कशात अडकते?

निम्म्या वेळा आजाराशी संबंध नसलेल्या गोष्टीत. रेशनकार्डावर ‘सुभद्राबाई’, आधारवर ‘सुभद्रा’. सून लग्नाला सात वर्षं झाली तरी माहेरच्या कार्डावर. बोटांचे ठसे उमटत नाहीत. गुऱ्हाळावर, फौंड्रीत किंवा यंत्रमागावर काम केलेल्या हातांचं हे नेहमीचं दुखणं. त्यासाठी चेहरा किंवा डोळ्यांवरून ओळख पटवायला सांगा.

उरलेल्या वेळा कागद कमी असतो. अँजिओप्लास्टीला अँजिओग्राफीच्या अहवालासोबत चित्रफीत लागते, हाडाच्या ऑपरेशनला नाव आणि तारीख दिसणारा एक्स-रे लागतो, ऑपरेशननंतरचा वेगळा. मोबाइलनं तिरका काढलेला एक्स-रेचा फोटो हमखास क्वेरी आणतो.

तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद भरती असतानाच पुरे करायचे. ‘आधी कार्ड आणा, मग आत घेतो’ हे अपघाताच्या किंवा हार्ट अटॅकच्या पेशंटला कोणी म्हणू नये. नियोजित ऑपरेशन असेल, तर मात्र आठवडाभर आधी रेशनकार्ड आणि आधारवरची नावं अक्षराला अक्षर जुळवून बघा. महा-ई-सेवा केंद्रातला अर्धा दिवस हा भरतीच्या दिवशीच्या मनस्तापापेक्षा स्वस्त पडतो.

डायलिसिस तर ठरावीक आहे. त्यात पैशाचा काय संबंध?

सगळ्यात जास्त संबंध इथंच दिसतो, म्हणून जरा सविस्तर.

डायलिसिसचे पैसे एका फेरीचे मिळतात. चार तास चालवलं काय आणि साडेतीन तास चालवलं काय, रक्कम तीच. एका मशीनवर दिवसात तीन पाळ्यांऐवजी चार बसवायच्या, तर प्रत्येक पाळीतला अर्धा तास कुठून तरी निघतो. बहुतेक पेशंटना आठवड्यातून तीनदा, चार-चार तास लागतात. वेळ सुरुवातीचं जोडणं आणि शेवटचं काढणं सोडून मोजायची, सुया टोचल्यापासून नव्हे. मशीनच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसतो. नातेवाइकानं तो बघितला, तर कोणाचा अपमान होत नाही.

दुसरी जागा डायलायझरची. रक्त गाळणारी ती पांढरी नळकांडी धुऊन त्याच पेशंटसाठी पुन्हा वापरतात, आणि नीट केलं तर ते मान्यही आहे. प्रत्येक वेळी तिची आतली क्षमता मोजायची असते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली की ती फेकायची. तिच्यावर पेशंटचं नाव आणि कितवा वापर ते लिहिलेलं हवं. फेरीचा दर जितका घट्ट, तितकी ती फेकायला जीव होत नाही. तेव्हा विचारा: ‘हा कितवा वापर? मोजमाप किती आलं?’ रजिस्टर उघडून दाखवणारं केंद्र चांगलं. हसून विषय बदलणारं केंद्र बदलता येतं का ते बघा.

तिसरी जागा पाण्याची. आरओच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल महिन्याला यावा लागतो. पाणी बिघडलं, तर डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप येतो. एकाच पाळीत दोघा-तिघांना आला, तर तो योगायोग समजू नका.

सिझेरियन वाढण्यामागं पैसा आहे का?

काही अंशी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात. खासगीत धोक्याच्या केसेस जास्त येतात, हे कारण एवढी दरी भरून काढत नाही. पण फीमधल्या फरकाइतकाच वेळही महत्त्वाचा असतो. नॉर्मल बाळंतपणाला बारा-चौदा तास कोणीतरी हजर लागतं, सिझेरियन तासाभरात होतं आणि ओपीडीही बुडत नाही. एकट्या डॉक्टरच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोनला काय निवडलं जाईल, ते सांगायला नको.

म्हणून दोन्हींना सारखा दर हा उपाय अर्धाच आहे. दुसरा अर्धा म्हणजे दोन-तीन डॉक्टरांनी पाळ्या लावून चालवलेलं प्रसूतिगृह किंवा कळांच्या वेळी सोबत बसणारी प्रशिक्षित नर्स. नाव नोंदवायला जाल तेव्हा ‘रात्री कळा सुरू झाल्या तर इथं कोण असतं?’ हे विचारा. ‘नॉर्मलचं पॅकेज किती?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

स्टेंट स्वस्त झाले, तरी अँजिओप्लास्टीचं बिल तितकंसं का उतरलं नाही?

फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली गेली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचीही. वस्तूची किंमत बांधली, पण प्रक्रियेची बांधली नाही, की बिल फुग्यासारखं दुसरीकडून फुगतं: कॅथलॅब, बलून, वायर, प्रोसीजर चार्ज. योजनेतल्या पॅकेजमध्ये ही पळवाट बंद असते. रोकड किंवा विम्याच्या पेशंटनं मात्र एकूण अंदाज लेखी घ्यावा आणि स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून मागावं.

खासगी विमा ३ लाखांचा होता, बिल १ लाख झालं, तरी २६,००० खिशातून गेले. फसवलं का?

बहुधा नाही, खोलीनं घात केला. अनेक पॉलिसींत खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का एवढंच मान्य असतं. ३ लाखांवर दिवसाला ३,०००. तुम्ही ५,००० ची खोली घेतलीत, म्हणजे मान्य भाग ६० टक्के. ही कात्री नुसत्या भाड्याला लागत नाही, खोलीशी बांधलेल्या सगळ्या खर्चांना लागते.

पाच दिवसांचं भाडं २५,००० पैकी १५,००० मिळाले. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंगचे ४०,००० होते, त्याचे २४,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, तिथले ३५,००० पुरे मिळाले. एकूण ७४,०००. वर ग्लोव्हज-मास्कसारखं काही ‘नॉन पेएबल’ निघालं, तर तेही तुमच्याकडंच.

डॉक्टरच्या बाजूनं बघा: बऱ्याच ठिकाणी खोलीचा वर्ग वाढला की त्याच हातानं केलेल्या त्याच ऑपरेशनची फी वाढते. ही जुनी प्रथा आहे, आणि आमच्या मते टाकाऊ आहे. भरती होतानाच टीपीए डेस्कला (विम्याच्या दाव्यांचं काम बघणारा काउंटर) ‘माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती?’ विचारून त्याच वर्गाची खोली घ्या. पाहुण्यांना सोफा कमी पडेल, एवढंच.

कॅशलेस मंजुरीला किती वेळ लागायला हवा?

विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार भरतीच्या वेळची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांवर गेल्यामुळं रुग्णालयानं जादा आकारणी केली, तर ती कंपनीनं सोसायची. जाळ्याबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं: नियोजित असेल तर ४८ तास आधी कळवा, तातडीचं असेल तर भरतीनंतर ४८ तासांच्या आत. रुग्णालय तयार हवं, ही अट आहेच.

तरी संध्याकाळ होते. बरेचदा उशीर कंपनीकडं नसून रुग्णालयाच्या अंतिम बिलात असतो. सकाळी राउंडला ‘आज जा’ म्हटलेलं असतं, औषध परत करून फार्मसीचा हिशेब दुपारी बंद होतो, आणि तीन तासांचं घड्याळ बिल पाठवल्यावर सुरू होतं. आदल्या दिवशी संध्याकाळीच बिल तयार करायला सांगा.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कामगारांचं ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) यात कुठं बसतं?

पगार २१,००० पर्यंत असेल, तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. १८,००० पगारावर तुमचे १३५, मालकाचे ५८५. यातला पॅनेल डॉक्टर डोक्यामागं ठरावीक पैशांवर काम करतो, आलात तरी तेवढेच, नाही आलात तरी तेवढेच. त्यामुळं जादा इंजेक्शन टोचण्याची ओढ नाही, पण दोन मिनिटांत उरकून चिठ्ठी देण्याची आहे. दीर्घ आजार असेल, तर मागची चिठ्ठी, बीपीच्या नोंदी, साखरेचे आकडे लिहून न्या. दोन मिनिटंसुद्धा मग कामी येतात.

निपाणी, बेळगावकडचे पेशंट कोल्हापुरात योजनेतून उपचार घेऊ शकतात का?

सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं २०२३ मध्ये योजनेत घेतलं आहे, पण गाव त्या यादीत असायला हवं आणि ठरवून दिलेला रहिवासाचा पुरावा हवा. यादीबाहेरच्या गावातल्या माणसाकडं आयुष्मान कार्ड असेल, तर ते राज्याबाहेरही चालतं. मात्र परराज्याच्या कार्डाचे पैसे रुग्णालयाला उशिरा मिळतात, त्यामुळं काउंटरवर नाक मुरडलेलं दिसू शकतं. आधी फोन करून यावं.

घरातले आजोबा पंच्याहत्तरचे आहेत, पेन्शनही आहे. त्यांना काही?

आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाख. त्यासाठी आधार कार्ड पुरतं.

चांगल्या उपचाराला जादा पैसे, ही कल्पना कशी आहे?

कागदावर छान. आयुष्मान भारतमध्ये एनएबीएचची (रुग्णालयांना मानांकन देणारी राष्ट्रीय संस्था) प्रवेश पातळी असलेल्या रुग्णालयाला पॅकेजवर १० टक्के आणि पूर्ण मानांकनाला १५ टक्के जादा मिळतात. वरच्या उदाहरणात १५ टक्के म्हणजे ४,५००, शिल्लक चौपट. पण मानांकन मुख्यतः व्यवस्था तपासतं: फाइल, नोंदी, निर्जंतुकीकरणाची पद्धत. पेशंट महिन्याभरानं चालतोय का, हे वेगळं मोजावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानं पाच निकष जाहीर केले: पेशंटचं समाधान, पुन्हा भरती होण्याचं प्रमाण, खिशातून गेलेला खर्च, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि पेशंटच्या जगण्यात पडलेला फरक. निकष योग्य आहेत. अडचण मोजण्यात आहे.

अमेरिकेनं १९८३ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यात आजारावर ठोक रक्कम आणली, मुक्काम झपाट्यानं कमी झाला. पुढं २०१२ मध्ये पुन्हा भरती वाढली तर दंड लावावा लागला. मग पेशंटला ‘भरती’ न म्हणता ‘निरीक्षणाखाली’ ठेवण्याकडं कल गेला. थायलंडनं २००२ पासून ओपीडीला डोक्यामागं पैसे आणि भरतीला आजारावर ठोक रक्कम अशी सांगड घातली. जिथं ज्या ओढीचा धोका कमी, तिथं ती पद्धत. आपल्या योजनेत ओपीडीच नाही, हे तिचं मोठं भोक आहे. मधुमेहाच्या गोळीला पैसे नाहीत, पाय कापायला आहेत.

नव्या डॉक्टरांनी काय वेगळं शिकायला हवं?

लिहायला. दावा कापला जातो तो बहुतेकदा चुकीच्या उपचारामुळं नव्हे, न लिहिलेल्या उपचारामुळं. ‘चालू औषध तेच’ एवढ्या नोंदीवर आयसीयूचा दिवस मंजूर होत नाही. वेळ, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, आज आयसीयूतच का ठेवलं त्याचं एक वाक्य आणि सही. ऑपरेशनच्या नोंदीत इम्प्लांटचा क्रमांक. पॅकेजचा कोड बिलिंगवाल्यावर सोडू नका. पित्ताशय दुर्बिणीनं काढलं आणि कोड पोट उघडण्याचा गेला, की क्वेरी येते आणि पैसे महिनाभर मागं पडतात. या लिहिण्यात तासभर जातो, आणि तो तास पेशंटचाच असतो. वीस खाटांमागं एक प्रशिक्षित माणूस फक्त या कामाला ठेवला, तर त्याचा पगार वाचलेल्या कपातीतून निघतो.

‘कट’बद्दलही स्पष्ट. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे. पॅकेजच्या हिशेबात त्याला जागाही उरत नाही, म्हणून कट देणारं रुग्णालय तो पैसा कुठून काढत असेल, याचा विचार पाठवणाऱ्यानंही करावा.

डिस्चार्जच्या दिवशी हातात काय काय असायला हवं?

डिस्चार्ज कार्ड, त्यावर निदान, झालेली शस्त्रक्रिया, औषधांची नावं आणि दिवस, परत दाखवायची तारीख, धोक्याची लक्षणं. सगळे अहवाल, एक्स-रे, सीडी. इम्प्लांटचं स्टिकर. भरती काळातल्या केसपेपरची प्रत लेखी मागितली, तर ७२ तासांत द्यावी लागते. विम्याचा वाद होण्याची शक्यता वाटली, तर त्याच दिवशी अर्ज द्या. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, आणि ठळक बाबींचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दोन्ही राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत आहे. तक्रार रुग्णालयाला नोंदणी देणाऱ्या कार्यालयाकडं करायची, शहरात ते महापालिकेचं आरोग्य खातं.

योजनेतला पेशंट असेल, तर दहा दिवसांची औषधं मोजून घ्या. समाधानाच्या फॉर्मवर सही मागतील. ‘कोणतेही पैसे घेतले नाहीत’ हे वाक्य वाचून, खरं असेल तरच सही करा. आणि निघण्याआधी आरोग्यमित्राकडून आजऱ्यापर्यंतचं, गगनबावड्यापर्यंतचं, जिथलं असेल तिथलं एसटीचं भाडं मागून घ्या.